जेटपॅक: १३ सेकंदांपासून सुरुवात झाली, साठ वर्षांत काही मिनिटांवरच का अडकलो?

अनिकेत_व

२० एप्रिल १९६१. गागारिन अंतराळात जाऊन आल्याला जेमतेम आठ दिवस झाले होते. अमेरिकेत नायगारा फॉल्सच्या विमानतळाजवळ हॅरोल्ड ग्रॅहॅम नावाच्या तरुणाने पाठीवर एक यंत्र बांधलं आणि दोरी-बिरी काही न लावता १३ सेकंद हवेतून गेला. अंतर कापलं चौतीस-पस्तीस मीटर. यंत्र बेल एरोसिस्टिम्स कंपनीच्या वेन्डेल मूरचं, पैसा अमेरिकन लष्कराचा. ग्रॅहॅमच्या आधी मूर स्वतःच दोरीला बांधून चाचण्या घेत होता, त्यात पडून त्याच्या गुडघ्याची वाटी मोडली, म्हणून ग्रॅहॅमला संधी मिळाली.

त्या यंत्राची कमाल झेप २१ सेकंदांची. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात बिल सूटर स्टेडियममध्ये उडत आला तोही याच जातीच्या यंत्रावर.

त्या आठवड्यात सुरू झालेल्या दोन गोष्टींपैकी एक चंद्रापर्यंत जाऊन आली, दुसरी अजून मिनिटांत मोजावी लागते. आज ब्रिटनमधल्या रिचर्ड ब्राउनिंगचा जेट सूट घ्या, चार-पाच मिनिटांत खाली यावंच लागतं.

माझे दोन प्रश्न आहेत. पैसा आणि डोकी कमी पडली म्हणून हे असं झालं, की मुळातच काही आडवं येतंय? आणि आहे त्या मिनिटांत कुणाच्या खरोखर उपयोगी पडेल असं काही होतं का? मला स्वतःला ही कल्पना फार प्रिय आहे, त्यामुळे ‘खेळणं आहे’ असं एका ओळीत निकालात काढू नका ही विनंती.

चिंचपोकळीकर

लोकलमध्ये सॅक पाठीवर असली तरी मागचा ओरडतो, ‘पुढे घे’. जेटपॅक पुढे घेतला तर डबाच उडेल.

सई_पुणे

वाचतेय. वाचनखूण साठवली आहे.

टर्बाइनवाला

अनिकेत, पहिल्या प्रश्नाचं माझ्या मते सरळ उत्तर: मुळातच आडवं येतंय. थोडं गणित सहन करा.

हवेत एका जागी टिकायचं तर आपल्या वजनाइतका थ्रस्ट, म्हणजे रेटा, सतत खाली द्यावा लागतो. तो दोन तऱ्हांनी देता येतो. भरपूर हवा सावकाश ढकला, नाहीतर थोडी हवा प्रचंड वेगाने फेका. थ्रस्ट दोन्हीकडे सारखाच मिळेल, पण खर्च सारखा नाही. झोतात जाणारी शक्ती म्हणजे थ्रस्ट गुणिले झोताचा वेग, भागिले दोन. माणूस अधिक यंत्र मिळून १२० किलो धरा, म्हणजे साधारण १२०० न्यूटन. झोत सेकंदाला ५०० मीटरचा असेल तर ३०० किलोवॅट, म्हणजे ४०० अश्वशक्ती, नुसती त्या झोतात निघून जाते. तोच थ्रस्ट मोठ्या पंख्याने सेकंदाला १५ मीटरचा वारा खाली सोडून दिला तर हिशेबाने ९ किलोवॅट पुरतात. प्रत्यक्षात थोडे जास्त लागतील, पण फरक तीसपटींच्या आसपासचा आहे.

फक्त, त्या पंख्याचा व्यास येतो सव्वातीन मीटर. म्हणजे हेलिकॉप्टर झालं. पाठीवर मावेल असं काहीही बनवायला गेलात की तुम्ही त्या महागड्या टोकाला जाऊन बसता. पैसा ओतून हे बदलत नाही.

बेलच्या पट्ट्याची, म्हणजे ग्रॅहॅमच्या पाठीवरच्या त्या यंत्राची, अडचण आणखी मोठी होती, कारण ते रॉकेट. रॉकेट बाहेरची हवा वापरतच नाही, जे फेकायचं ते सगळं पाठीवर वाहून न्यायचं. त्यात ९० टक्के तीव्रतेचं हायड्रोजन पेरॉक्साइड असायचं. ते चांदीच्या जाळ्यांवरून सोडलं की फुटून वाफ आणि ऑक्सिजन होतो, तापमान ७०० अंशांच्या वर. ज्वाला नाही, वात नाही, यंत्र म्हणून अतिशय देखणं. पण याचा स्पेसिफिक इम्पल्स, म्हणजे इंधन स्वतःच्या वजनाइतका थ्रस्ट जितके सेकंद देऊ शकतं तो आकडा, सव्वाशे सेकंदांच्या आसपास. माणूस धरून एकूण १३० किलो, त्यातलं इंधन वीस-बावीस किलो. रॉकेटच्या समीकरणात घाला, वीस ते पंचवीस सेकंद येतात. उडवणाऱ्याच्या हेल्मेटमध्ये वेळ संपत आल्याची सूचना देणारा बझर बसवावा लागे.

अनिकेत_व

टर्बाइनवाला, उत्तम समजावलंत. पण मग टर्बाइन, म्हणजे छोटी जेट इंजिनं, आल्यावर सेकंदांची मिनिटं झालीच ना? तसंच पुढे मिनिटांचा अर्धा तास का होऊ नये?

टर्बाइनवाला

टर्बाइन बाहेरची हवा वापरतं, फक्त रॉकेल सोबत न्यायचं, म्हणून ती उडी मिळाली. आणि ती आजची नाही. बेलनेच १९६९मध्ये विल्यम्स कंपनीचं छोटं जेट इंजिन लावलेला पट्टा उडवून दाखवला होता. त्याच वर्षी मूर गेला आणि प्रकल्प थंडावला. इंजिनाचं मात्र भलं झालं, त्याच घराण्यातलं पुढचं इंजिन अमेरिकेच्या क्रूझ क्षेपणास्त्रांत बसलं.

आताच्या सूटमधली इंजिनं मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतात आणि सगळी मिळून मिनिटाला चारेक लिटर इंधन पितात. अर्ध्या तासाला १२० लिटर, म्हणजे जवळजवळ शंभर किलो. ते उचलायला आणखी थ्रस्ट, त्याला आणखी इंधन. वाढवत बसा.

बॅटरीबद्दल कुणी विचारायच्या आत: किलोभर रॉकेलमध्ये ४३ मेगाज्यूल, किलोभर चांगल्या लिथियम बॅटरीत एकाच्या आसपास.

मुग्धा_ख्राइस्टचर्च

अर्ध्या तासाचा विषय निघाला आणि आमच्या गावाचं, न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चचं, नाव कुणीच घेतलं नाही!

ग्लेन मार्टिन इथलाच. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने हा ध्यास घेतला आणि २००८मध्ये अमेरिकेत ऑशकॉशच्या विमानमेळ्यात यंत्र लोकांसमोर आणलं. जेट नव्हतंच त्यात, २०० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन आणि दोन बाजूंना नळकांड्यांतले पंखे. म्हणजे टर्बाइनवाला म्हणतात तशी ‘जास्त हवा, कमी वेग’ हीच दिशा. अर्धा तास उड्डाणाचा दावा होता. २०११मध्ये आतमध्ये पुतळा बसवून पाच हजार फुटांवर नेलं आणि पॅराशूटने उतरवून दाखवलं. २०१५ला कंपनी ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारात आली, त्याच वर्षी दुबईच्या नागरी संरक्षण दलाबरोबर यंत्रं देण्याचा करार जाहीर झाला. इथे केवढा अभिमान होता सगळ्यांना! मार्टिन मात्र त्याच वर्षी कंपनीतून बाहेर पडला आणि २०१९मध्ये कंपनीच बंद झाली.

मला वाटतं तिची अडचण इंधनाची नव्हतीच. ते यंत्र इतकं मोठं झालं होतं की पाठीवर घेऊन दोन पावलं चालता येत नसे, तुम्ही त्यात जाऊन उभे राहायचात. मग गिऱ्हाइकाने विचारलंच असणार की एवढंच आहे तर छोटं हेलिकॉप्टर का नको?

चिंचपोकळीकर

म्हणजे जेट नाही आणि पॅकही नाही. बाकी सगळं बरोबर.

सुभेदार_निवृत्त

आपल्याकडची बातमी राहिली. जानेवारी २०२३मध्ये भारतीय लष्कराने ४८ जेटपॅक सूटसाठी निविदा काढली, त्याच सुमारास शंभर यांत्रिक खेचरांचीही, म्हणजे सामान वाहणाऱ्या चार पायांच्या रोबोंची. फेब्रुवारीत आग्र्याला ब्राउनिंगच्या कंपनीने लष्करापुढे प्रात्यक्षिक केलं, तलावावरून उडतानाचा तो व्हिडिओ बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्याच महिन्यात बंगळुरूच्या एरो इंडियात ॲब्सोल्यूट कंपोझिट्स या तिथल्याच कंपनीने स्वदेशी जेटपॅक मांडला होता.

माझं मत विचाराल तर खेचर घ्या, जेटपॅक राहू द्या. कारणं सांगतो. ब्राउनिंगच्या सूटमध्ये दोन्ही हातांवर दोन-दोन आणि पाठीवर एक इंजिन. हात हेच सुकाणू. म्हणजे उडताना जवानाचे दोन्ही हात गुंतलेले, शस्त्र चालवणार कसं? आवाज एवढा की खोऱ्याच्या त्या टोकाला कळेल. गरम झोत इन्फ्रारेड दुर्बिणीत दिव्यासारखा दिसणार. शिवाय उंची. साडेचार हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ६३ टक्के. इंजिनाचा जोर त्याच मानाने उतरणार आणि जवानाच्या अंगावर थंडीचे कपडे, दारूगोळा, सगळं वाढलेलं. लडाखला हे सूट आग्र्यासारखे उडणार नाहीत.

नीलकंठ_एम

सुभेदारसाहेब, आदर राखून असहमत. लढाईत उडत-उडत गोळ्या घालायच्या आहेत असं कोण म्हणतं? ब्रिटिश रॉयल मरीन्सनी केलेली चाचणी पहा. २०२१मध्ये चालत्या वेगवान बोटीवरून सूट घालून थेट एचएमएस टॅमर या जहाजाच्या डेकवर उतरले. एकजण आधी जाऊन वरून शिडी सोडतो, बाकीचे चढतात. समुद्री चाचे पकडायला जहाजाच्या बाजूने शिडी लावून चढणं हे किती जिवावरचं काम आहे! तिथे मिनिटभर उड्डाण पुरतं, खाली पाणी आहे, उंची समुद्रसपाटीची आहे. तुमचे चारपैकी तीन आक्षेप तिथे लागूच होत नाहीत.

हात मोकळे हवेत म्हणत असाल तर फ्रान्सचा फ्रँकी झपाटा. १४ जुलै २०१९ला पॅरिसच्या संचलनावरून हातात रायफलसारखं शस्त्र घेऊन उडाला. त्याचं यंत्र पायाखाली आहे. पुढे ४ ऑगस्टला त्याने इंग्लिश खाडी ओलांडली, बावीस मिनिटांत.

सुभेदार_निवृत्त

जहाजाचं मान्य, ते काम नौदलाचं आहे आणि त्यांनी जरूर पाहावं. पण झपाट्याचं पूर्ण सांगा. वाटेत बोटीवर उतरून इंधन भरल्यावर तो पोचला. २५ जुलैच्या पहिल्या प्रयत्नात त्याच बोटीवर उतरताना समुद्रात पडला होता. आणि हातात शस्त्र धरणं वेगळं, हलत्या पाटावर उभं राहून नेम धरणं वेगळं.

दर्यावर्दी

अवांतर, पण झपाट्याचं नाव निघालंच आहे तर: गोव्यात पर्यटक पाण्यावर फ्लायबोर्ड करतात तो मूळचा याच माणसाचा. पायाला बूट, त्यातून पाण्याचे झोत, मागे लांब होज आणि तिचं दुसरं टोक जेट-स्कीला. आमच्याकडे पाहुणे आले की हौसेने करतात. पहिली काही मिनिटं नुसत्या डुबक्या, मग एकदा गुडघे सरळ ठेवायचं कळलं की माणूस उभा राहतो तो उतरायला तयार नसतो.

टर्बाइनवाला

दर्यावर्दी, हे अवांतर मुळीच नाही, मुद्द्याच्या गाभ्याचं आहे. फ्लायबोर्डवर हवा तेवढा वेळ का राहता येतं? कारण इंजिन आणि इंधन दोन्ही जेट-स्कीवर आहेत आणि फेकायचं वस्तुमान, म्हणजे पाणी, समुद्रातून फुकट येतंय. पाण्याची घनता हवेच्या आठशेपट, त्यामुळे सावकाश झोतातही भरपूर थ्रस्ट. ती होज तोडली की सगळं पुन्हा पाठीवर येतं आणि आपण परत मिनिटांत.

गडवाट्या

अनिकेतच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. सह्याद्रीत रेस्क्यूच्या कामात मी बरीच वर्षं आहे, त्यामुळे इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातली बातमी आली तेव्हा आमच्या गटात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. सप्टेंबर २०२०, ग्रेट नॉर्थ एअर ॲम्ब्युलन्सबरोबर ब्राउनिंगने चाचणी केली. लँगडेलच्या डोंगरात जखमीपर्यंत पायी पोचायला २५ मिनिटं लागली असती, तो ९० सेकंदांत पोचला. त्यांचं यंत्रही चोख आणि कल्पनाही. ज्याने रक्त वाहणाऱ्या माणसाशेजारी बसून स्ट्रेचरची वाट पाहिली आहे त्याला ‘९० सेकंद’ या शब्दांची किंमत विचारा.

तरी आपल्याकडे ते लगेच चालेल असं मला वाटत नाही.

आपल्या रेस्क्यूत वेळ कुठे जातो ते बघा. फोन येतो, बहुतेकदा अर्धवट. रेंज नाही, ‘आम्ही धबधब्याजवळ आहोत’ एवढंच कळतं. मग पायथ्याच्या गावातली पोरं निघतात, ती नसती तर अर्धे जीव वाचले नसते. मागोमाग लोणावळा, पुणे, मुंबईकडून टीम गाडीने येते. दोन-तीन तास रस्त्यातच. नंतर शोध. माणूस सापडला की खरं काम, स्ट्रेचर खाली आणणं. कड्यावर दोर लावून, घसाऱ्यावरून, रात्री बॅटरीच्या उजेडात सहा-आठ तास. जेटपॅक यातल्या फक्त एका तुकड्याला हात घालतो: जागा नक्की माहीत असताना पायथ्यापासून वर एक माणूस पोचवणं. तो रुग्णाला खाली आणू शकत नाही.

शिवाय हवा. बहुतेक अपघात पावसाळ्यात. ढग उतरले की दहा पावलांवरचं दिसत नाही. कोकणकड्यावर उभं राहून टोपी खाली टाकली तर वाऱ्याने वर येते, त्या वाऱ्यात हातांवर तोल सांभाळत उडणाऱ्याचं काय होईल ते सांगायला नको.

डॉ_अरुंधती

गडवाट्या, तुमच्या कामाला मनापासून नमस्कार. पण तुमच्या ‘फक्त एका तुकड्याला’ या शब्दांशी माझं भांडण आहे. मांडीतून जोरात रक्तस्राव होत असेल तर तो तुकडाच सगळं ठरवतो. टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला आवळायची पट्टी, बांधणारा हात वेळेत पोचला तर पुढचे आठ तास स्ट्रेचरवर काढता येतात, नाहीतर स्ट्रेचर कशासाठी आणायचं? श्वासनलिका मोकळी करणं, छातीतली कोंडलेली हवा काढणं, ही सगळी एका माणसाची आणि एका पिशवीची कामं आहेत. वर पोचणारा माणूस रुग्णाला आणू शकत नाही म्हणून त्याचं पोचणं कमी मोलाचं ठरत नाही.

गडवाट्या

डॉक्टर, पटतं. म्हणूनच विचारतो, यंत्र ठेवायचं कुठे? लेक डिस्ट्रिक्ट हा आटोपशीर प्रदेश. आपली रांग नाशिकपासून आंबोलीपर्यंत. एक सूट चार लाख डॉलरच्या आसपास जातो, तो उडवणारा पॅरामेडिक तयार करायचा, त्याचा सराव चालू ठेवायचा आणि अपघात नेमका त्याच्या डोंगरात व्हायला हवा. तेवढ्या पैशात किती तालुक्यांना उष्णता ओळखणारा कॅमेरा लावलेले ड्रोन देता येतील? ड्रोन माणूस शोधतो, टूर्निके आणि वॉकी-टॉकी खाली सोडतो. मग तुम्ही खालून बोलून शेजारच्या मित्राकडून ती बांधून घ्याल. गावातल्या पोरांना हे शिकवणं आजपासून सुरू करता येईल.

डॉ_अरुंधती

गावातल्या मुलांना शिकवायला मी यायला तयार आहे. व्यक्तिगत निरोप करते.

सई_पुणे

लॉस एंजेलिसच्या विमानतळाजवळ २०२० साली वैमानिकांना जेटपॅकवाला माणूस दिसला होता, त्याचं काय झालं?

नीलकंठ_एम

३० ऑगस्ट २०२०ला तीन हजार फुटांवर विमानाशेजारून माणूस गेला असं वैमानिकाने कळवलं. एफबीआयने तपास केला. पुढे पोलीस हेलिकॉप्टरमधून काढलेला व्हिडिओ समोर आला, त्यात माणसाच्या आकाराचा फुगा तरंगत होता. तोच दिसला असावा असं मानलं जातं. तीन हजार फूट चढायचं, विमानतळापर्यंत यायचं आणि परत उतरायचं, एवढं इंधन कुणाच्या पाठीवर मावणार?

चिंचपोकळीकर

फुग्याला मात्र ना इंधन लागलं ना परवाना.

अनिकेत_व

परवान्यावरून आठवलं. अमेरिकेत ११५ किलोच्या आतलं, ५ गॅलनपेक्षा जास्त इंधन नसलेलं आणि ५५ नॉटच्या वर न जाणारं एकट्याचं यंत्र ‘अल्ट्रालाइट’ धरतात. त्याला वैमानिकाचा परवाना लागत नाही, पण दाट वस्तीवरून उडायला बंदी. म्हणजे ऑफिसला जाणं कायद्यानेच बाद. मला ते बरोबरही वाटतं. पाच छोटी जेट इंजिनं सोसायटीच्या गच्चीवर कुणाला हवीत?

पण एक सांगा, पडलं तर काय, यावर कुणी बोललं नाही.

टर्बाइनवाला

हाच माझ्या मते इंधनाइतकाच मोठा अडथळा. पाच मीटरवरून पाण्यात पडलात तर वाचाल. पुरेशा उंचीवर असाल तर पॅराशूट उघडेल. मधला पट्टा वाईट: पडायला फार उंच, पॅराशूटला फार कमी. हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं तर पातं फिरत ठेवून उतरता येतं, विमान तरंगत येतं. जेटपॅककडे यातलं काहीच नाही. म्हणून ब्राउनिंग बहुधा पाण्यावरून किंवा जमिनीलगत उडताना दिसतो. ती शिस्त आहे.

मुग्धा_ख्राइस्टचर्च

मग स्विस इव्ह रॉसीसारखे पंख लावले तर? तो तर २००८मध्ये खाडी ओलांडून गेला, मध्ये न थांबता.

टर्बाइनवाला

मुग्धाताई, आशा असेल तर तिथेच आहे. रॉसीच्या पंखाला चार छोटी इंजिनं होती, चारही मिळून थ्रस्ट नव्वद किलोच्या आत. म्हणजे त्याच्या आणि यंत्राच्या एकत्र वजनापेक्षा पुष्कळ कमी. वजन पंख पेलतो, इंजिनांनी फक्त पुढे रेटायचं. म्हणून खाडी दहाएक मिनिटांत पार झाली. पण तो विमानातून उडी मारून सुरुवात करायचा आणि पॅराशूटने उतरायचा.

दुबईत त्याच्या चमूतल्या व्हिन्स रेफेने फेब्रुवारी २०२०मध्ये जमिनीवरून उभ्यानेच उड्डाण केलं, आडवा झाला आणि १८०० मीटरपर्यंत चढला. आजवरच्या सगळ्या जेटपॅक उड्डाणांत मला हे सगळ्यात मोठं वाटतं. उतरला मात्र पॅराशूटनेच. नोव्हेंबरमध्ये सरावात, कमी उंचीवर ताबा सुटून तो गेला. छत्तीस वर्षांचा होता.

अनिकेत_व

रेफेचं उड्डाण मी पुन्हा-पुन्हा पाहिलं आहे. म्हणजे उभं निघणं जमलं, आडवं जाणं जमलं. राहिलं ते परत उभं होऊन पायांवर उतरणं?

टर्बाइनवाला

हो. वेगात आडवा येणारा माणूस उभा करायचा, पंखाचा आधार सुटत असताना सगळं वजन इंजिनांवर घ्यायचं. तेही टाकी संपत आलेली असताना आणि त्याच वाईट पट्ट्यातून खाली येताना. छोट्या टर्बाइनला थ्रॉटल दिल्यावर जोर वाढवायला क्षणभर लागतो, तोल सावरायला तो क्षण फार मोठा. हे माणसाच्या हाताने होणार नाही, संगणकाने करायला हवं. आणि आधी पुतळा बसवून शेकडो वेळा, मार्टिनने पुतळा उडवला होता तसं. आपल्याकडे कुणी या कामात पैसा घालणार असेल तर ४८ सूट विकत घेण्याआधी या उतरण्यावर घालावा.

गडवाट्या

त्यासाठी वाऱ्याची जागा हवी असेल तर कळवा. कड्याच्या वरची आणि खालची, दोन्ही दाखवतो. पावसाळा सोडून.